सवलत मिळाली; दार मात्र बंदच!

शहरातील मध्यमवर्गीयाला घर परवडत नाही, म्हणून सरकारने त्याच्या डोक्यावरील भार हलका करावा, ही मागणी आपल्या विधिमंडळात वारंवार ऐकू येते. कोणी घरपट्टी माफ करा म्हणतो, कोणी मुद्रांक शुल्क घटवा म्हणतो, तर कोणी कर्जाच्या व्याजाचा वाटा सरकारने उचलावा असे सुचवितो. सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात वाद झडतो तो सवलत किती द्यावी आणि तिचे श्रेय कोणी घ्यावे एवढ्याविषयी. ज्याच्या हाती सवलतीचा कागद दिला त्याला घर विकावयास अथवा भाड्याने द्यावयास कोणी तयार आहे काय, हा प्रश्न मात्र या वादात क्वचितच डोके वर काढतो. आमच्या समाजाच्या दृष्टीने पहिला प्रश्न तोच आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर ज्यांनी परमपूज्य बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली, त्यांची नातवंडे व पतवंडे आज शाळेत शिकवितात, बँकेत हिशेब ठेवतात, रुग्णालयात रोग्यांची शुश्रूषा करतात, सरकारी कचेऱ्यांतून कामे पाहतात. हा वर्ग भिक्षा मागत नाही. तो प्राप्तिकर भरतो, विम्याचा हप्ता भरतो, मुलांच्या शिक्षणाचा खर्च सोसतो. सरकारच्या व्याख्येप्रमाणे तो मध्यम उत्पन्न गटात बसतो. मग मध्यम उत्पन्न गटासाठी म्हणून जी सवलत जाहीर होते ती त्याच्यापर्यंत इतरांइतकीच पोहोचते काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. आणि ती का पोहोचत नाही, हे भावनेच्या भरात न जाता एकेक सवलत हाती घेऊन तपासले पाहिजे.

प्रथम सर्वांत जुनी सवलत घ्या. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने शहरातील भाडी सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. या कायद्याने लक्षावधी भाडेकरूंना घरमालकाच्या लोभापासून वाचविले, हे कोणीही नाकबूल करणार नाही. हा कायदा पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला. पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी कालांतराने अवाजवी ठरल्या असा अभिप्राय दिला, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. परंतु वाचकहो, गोठलेल्या भाड्याचा लाभ कोणास होतो? ज्याच्या नावावर खोली आहे त्यास. ज्याला मुळात त्या चाळीच्या जिन्यावर पाऊल टाकू दिले गेले नाही, त्याचे भाडे गोठणार तरी कसे? सवलत आत असलेल्यांना मिळाली. बाहेर ठेवलेला बाहेरच राहिला.

आता अलीकडची सवलत पाहा. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट द्यावी, ही मागणी काही वर्षे गाजली. २०१९ साली त्यातील केवळ सर्वसाधारण कर माफ झाला आणि पाणी, मलनिःसारण, शिक्षण इत्यादींचे कर तसेच राहिले, म्हणून मोठी ओरड झाली. अखेर १ जानेवारी २०२२ रोजी संपूर्ण मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा झाली, आणि सोळा लाखांहून अधिक कुटुंबांना त्याचा लाभ होईल असे सांगण्यात आले. लहान घरात राहणाऱ्याचा कर माफ व्हावा, यास आमचा विरोध नाही. परंतु हीही सवलत घराच्या मालकाचीच आहे. भाड्याच्या खोलीत दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या कारकुनाचा या माफीशी काय संबंध? घरमालकाचा कर माफ झाला म्हणून त्याने भाडे कमी करावे, अशी अट कोणी घातली नाही. आणि त्याने भाडेकरूचे आडनाव विचारून दार लावून घेऊ नये, अशी अट घालण्याचे तर कोणाच्या मनातही आले नाही.

तिसरी सवलत मुद्रांक शुल्काची. साथीच्या काळात, सप्टेंबर २०२० पासून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत, महाराष्ट्र शासनाने मुंबईतील घरखरेदीवरील मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणले आणि पुढील तीन महिने ते तीन टक्के ठेवले. सर्वांच्या तिजोरीतील पैसा सोडून देऊन ही खरेदी स्वस्त केली गेली. त्या तिजोरीत आमचाही पैसा होता. तथापि जो विकासक आमच्या माणसाला जातीमुळे घर विकण्यास नकार देतो, त्याच्या इमारतीतील व्यवहारांना ही सूट मिळणार नाही, असे एक वाक्य त्या आदेशात घालण्यास कोणता खर्च येणार होता?

चौथी सवलत व्याजाची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात २०१७ पासून ३१ मार्च २०२१ पर्यंत मध्यम उत्पन्न गटाला गृहकर्जाच्या व्याजात मदत मिळत होती. तीत वार्षिक १८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणारे बसत. सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेचे दुसरे पर्व सुरू झाले. त्यात वार्षिक ६ ते ९ लाख उत्पन्नाचे कुटुंब मध्यम गटात धरले जाते. घराची किंमत ३५ लाखांच्या आत असावी लागते. आणि व्याजाची मदत पाच वार्षिक हप्त्यांत मिळून अधिकांत अधिक १ लाख ८० हजार रुपये होते. म्हणजे वर्षाला ३६ हजार. मुंबई शहरात ३५ लाखांत कुटुंबाला राहण्याजोगे घर कोठे मिळते, हे योजनाकारांनीच दाखवून द्यावे. परंतु तो भाग क्षणभर बाजूस ठेवू आणि एक साधा हिशेब मांडू.

समजा, सारख्याच पगाराची दोन कुटुंबे आहेत. दोघांनाही ही मदत मंजूर झाली आहे. पहिल्या कुटुंबाला स्थानकाजवळच्या इमारतीत घर मिळाले. दुसऱ्या कुटुंबाने त्याच इमारतीत चौकशी केली, तेव्हा आधी नाव विचारण्यात आले, मग आडनाव, मग गाव, मग आपण काय खाता, आणि शेवटी घर कालच दुसऱ्याला दिले असे उत्तर मिळाले. ते कुटुंब दूरच्या उपनगरात गेले. दोन कमावत्या माणसांचा जादा प्रवास आणि मुलांच्या शाळेच्या गाडीचे भाडे मिळून महिन्याला ३ हजार रुपये अधिक जाऊ लागले. वर्षाचे झाले ३६ हजार. सरकारने एका हाताने जे दिले ते जातीने दुसऱ्या हाताने काढून घेतले. शिवाय सरकारचा हप्ता पाच वर्षांनी थांबेल. जातीचा हा हप्ता थांबणार नाही!

कोणी म्हणेल, हा तुमचा कल्पनाविलास आहे, आता शहरात जात पाहतो कोण? त्यांच्यासाठी पुरावा देतो. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्ली व तिच्या भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांविषयी जी पाहणी केली तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय नावाने, दलित नावाने आणि मुसलमान नावाने घरमालकांकडे दूरध्वनीवरून विचारणा करण्यात आली होती. उच्चवर्णीय नावाला एकाही ठिकाणी नकार मिळाला नाही. दलित नावाने विचारणा करणाऱ्यांना सुमारे १८ टक्के ठिकाणी सरळ नकार मिळाला, आणि सुमारे २३ टक्के ठिकाणी जादा अटी घालण्यात आल्या. मुसलमानांची स्थिती याहूनही वाईट होती. देशाच्या राजधानीत, सुशिक्षित घरमालकांनी दिलेली ही उत्तरे आहेत.

महाराष्ट्र विधिमंडळाला घर नाकारले जाण्याचा प्रश्न ठाऊकच नाही असेही नाही. जून २०२४ मध्ये विधान परिषदेचे सदस्य अनिल परब यांनी मुंबईतील नव्या इमारतींत काही घरे एक वर्षपर्यंत मराठी माणसासाठी राखून ठेवावीत, अशा आशयाचे अशासकीय विधेयक पुढे आणले, आणि जुलै २०२५ मध्ये याच विषयावरून परिषदेत खडाजंगीही झाली. मराठी माणसाला भाषेवरून किंवा मासळीच्या वासावरून मुंबईत घर नाकारले जात असेल, तर तो अपमान आहे आणि त्याचा निषेध आम्हीही करतो. पण या सभासदांना आमचा एक नम्र प्रश्न आहे. आम्ही मराठी नाही काय? आमच्या आयाबहिणी कोणत्या भाषेत ओव्या गातात, आमचे जलसे आणि आमची शाहिरी कोणत्या भाषेत घडली? परप्रांतीय घरमालक दार लावतो तेव्हा मराठी अस्मितेला जाग येते. परंतु मराठी घरमालक आपल्याच भाषेत बोलणाऱ्या बौद्धाला दार लावतो, तेव्हा ती अस्मिता कोठे झोपी जाते? भाषेवरून केलेला नकार जर अन्याय असेल, तर जन्मावरून केलेला नकार त्याहून जुना आणि त्याहून खोल असा अन्याय आहे. कायदा करावयाचा तर तो नकाराच्या मुळाशी जाणारा असावा.

येथे दुसरा आक्षेप पुढे येतो. घर ही खाजगी मालमत्ता आहे. ते कोणास द्यावे हे मालकाने ठरवावे. राज्यघटना मालकाच्या दिवाणखान्यात शिरत नाही, असे म्हटले जाते. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या समाजापुरतेच सभासदत्व मर्यादित ठेवण्याचा संस्थेचा नियम ग्राह्य धरला, हे खरे आहे. त्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. परंतु त्यातून निघणारी वाट कोठे जाते हे पाहणे आमचे कर्तव्य आहे. प्रत्येक जातीने आपापली संस्था स्थापून आपापली भिंत बांधली, तर ज्यांच्याकडे भूखंड नाही, भांडवल नाही, त्यांनी कोठे जावे? गावकुसाबाहेरचा महारवाडा मोडावा म्हणून आमचे वाडवडील शहरात आले. त्या शहरात सहकाराच्या नावाने नवे गावकूस उभे राहणार असेल, तर शहर आणि खेडे यांत फरक तो काय उरला?

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकास मज्जाव करता येणार नाही असे सांगतो. त्यात घर हा शब्द नाही, असे बोट दाखविले जाते. परंतु नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने, मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या सर्वांना लागू होईल अशा अर्थाने योजला आहे, हे बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या शब्दाचा असाच विस्तृत अर्थ लावून खाजगी शिक्षणसंस्थांचा त्यात अंतर्भाव केला. मग जो विकासक वर्तमानपत्रात जाहिरात देतो, रस्त्यावर फलक लावतो आणि शेकडो सदनिका विकावयास काढतो, तो दुकानदार नव्हे तर काय? आपल्या घरातील एक खोली कोणास द्यावी हे ठरविणारी वृद्धा निराळी, आणि भर बाजारात घरे विकणारा व्यापारी निराळा. हा व्यापारी जेव्हा सरकारकडून जादा बांधकामाची परवानगी घेतो, कमी दराच्या कराचा लाभ घेतो, आणि त्याचे गिऱ्हाईक सरकारच्या व्याजाच्या मदतीवर घर घेते, तेव्हा त्याचा धंदा केवळ खाजगी राहिलेला नसतो. सर्वांचा पैसा घ्यावयाचा आणि सर्वांना दार उघडावयाचे नाही, हा कोणत्या नीतीचा व्यवहार?

वास्तविक पाहता कायद्याचे हत्यार आपल्या हाती मुळीच नाही असे नाही. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने, जो आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो, कोणत्याही वस्तीत राहण्याचे घर बांधणे, घेणे वा त्यात राहणे यांस अस्पृश्यतेच्या कारणाने अडथळा करणे हा गुन्हा ठरविला आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, आणि उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीने वाहावा, असेही त्या कायद्यात आहे. परंतु येथे धर्मांतरितांचा इतिहास विसरून चालणार नाही. १९५६ साली आम्ही बौद्ध झालो आणि अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीबाहेर फेकले गेलो. १९९० साली त्या आदेशात दुरुस्ती झाली तेव्हा कोठे बौद्धांना त्या यादीत स्थान मिळाले. जात पाहणाऱ्या घरमालकाने मात्र या ३४ वर्षांत एक दिवसही आम्हांला यादीबाहेर काढले नव्हते! धर्म बदलला म्हणून संरक्षण गेले. नकार तसाच राहिला.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यानेही पात्र व्यक्तीस पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारण्यास मनाई केली आहे आणि निबंधकाकडे दाद मागण्याची सोय ठेवली आहे. पण दाद मागावयास नकाराचा कागद लागतो. आमच्या माणसाला नकार कधीच कागदावर मिळत नाही. तो जिन्यावर, दारात आणि दूरध्वनीवर मिळतो. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांसमोर ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात अनामत रक्कम किती घ्यावी याची काळजी वाहिली आहे, लेखी कराराची सक्ती केली आहे. जातीमुळे घर नाकारण्याविषयी मात्र त्यात चकार शब्द नाही.

या विषयात परदेशाचा धडाही पाहण्याजोगा आहे. अमेरिकेने १९३४ साली मध्यमवर्गाला घर घेणे सुलभ व्हावे म्हणून गृहकर्जाला सरकारी हमी देणारे खाते काढले. त्या हमीवर लक्षावधी गोऱ्या कुटुंबांनी उपनगरांत घरे घेतली. निग्रो वस्त्यांना मात्र धोक्याच्या वस्त्या ठरवून त्या हमीपासून दूर ठेवण्यात आले. घर नाकारण्यास बंदी करणारा कायदा तेथे १९६८ साली झाला. मधल्या ३४ वर्षांत एका समाजाची घरे म्हणजे पुढच्या पिढीचे भांडवल झाली, आणि दुसरा समाज भाडे भरत राहिला. तात्पर्य असे की, भेदभावाला बंदी न घालता दिलेली सवलत तटस्थ राहत नाही. जो आधीच पुढे आहे त्याला ती आणखी पुढे नेते.

१९१७ साली उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास जागा मिळाली नव्हती. दरबारची नोकरी होती, परदेशची विद्या होती. एका पथिकाश्रमात नाव लपवून राहावे लागले, आणि तेथूनही त्यांना हाकलण्यात आले. पुढे मुंबईत परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांनी अनेक वर्षे काढली. सार्वजनिक संस्थेने बांधलेली ती चाळ होती, हे ध्यानात घ्या. आजही म्हाडाची सोडत निघते तेव्हा यंत्र आडनाव वाचून नाक मुरडत नाही, आणि तिच्या घरांत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के वाटा राखलेला असतो. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याही सार्वजनिक योजनेतूनच. म्हणून आमचे मत असे की, व्याजाच्या मदतीने खाजगी बाजार पोसण्यापेक्षा सरकारने स्वतः घरे बांधून ती सोडतीने आणि वाजवी भाड्याने द्यावीत, यातच मध्यम व गरीब अशा दोहोंचे अधिक हित आहे.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ हे ब्रीद घेऊन नवे गृहनिर्माण धोरण संमत केले आणि २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले. ब्रीद सुंदर आहे. परंतु ज्या अधिकाराला नकार देणाऱ्यास शिक्षा नाही, त्याला अधिकार म्हणत नाहीत. त्याला मेहेरबानी म्हणतात. विधिमंडळाने या ब्रीदाला अर्थ द्यावयाचा असेल तर पुढील गोष्टी कायद्यात घालाव्यात. घरावरील कोणतीही करमाफी, शुल्कसूट, व्याजाची मदत वा जादा बांधकामाची परवानगी घेणाऱ्या विकासकाने, संस्थेने व घरमालकाने जात, धर्म व आहार यांवरून कोणास नाकारणार नाही असे लिहून द्यावे. वचन मोडल्यास सवलत दंडासह परत घ्यावी. नकार द्यावयाचा तर तो कारणांसह लेखी द्यावा. भाडेकरूलाही सवलतीत वाटा मिळावा. आणि तक्रारीची चौकशी ठराविक मुदतीत करणारा अधिकारी प्रत्येक शहरात असावा. यातील एकाही मागणीने सरकारच्या तिजोरीवर मोठा बोजा पडत नाही. बोजा पडतो तो केवळ अन्यायाच्या सवयीवर.

वाचकहो, आता दोन शब्द आपल्याविषयी. भाड्याचे घर मिळावे म्हणून आपल्यातील काही सुशिक्षित बांधव आडनाव बदलून सांगतात, भिंतीवरील बाबासाहेबांची तसबीर उतरवितात, तथागतांची मूर्ती कपाटात ठेवतात. लहान मुलांना, आपण कोण हे शेजाऱ्यांना सांगू नका, असे बजावतात. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पोराबाळांच्या डोक्यावर छप्पर हवे असते, आणि रस्त्यावर राहून कोणी स्वाभिमान शिकवू नये. परंतु ज्या धम्माने आपल्याला ताठ मानेने जगावयास शिकविले तो धम्म कपाटात ठेवण्याची पाळी ज्या शहरात येते, त्या शहराचा कायदा बदलण्याचे काम आपल्याशिवाय दुसरे कोण करणार?

म्हणून ज्याला नकार मिळेल त्याने तो गिळून टाकू नये. दिवस, वेळ, इमारत आणि उत्तर लिहून ठेवावे. संस्थेकडे सभासदत्वाचा अर्ज लेखीच करावा आणि पोच घ्यावी. आपल्यातील वकिलांनी अशी प्रकरणे निबंधकाकडे व न्यायालयात न्यावीत. विहारांतील रविवारच्या सभेत या नोंदी एकत्र कराव्यात, आणि आपल्या मतदारसंघातील आमदाराच्या हाती त्या देऊन, पुढच्या अधिवेशनात घरांच्या सवलतीवर बोलावयास उभे राहाल तेव्हा हेही वाचून दाखवा, असे त्यास सांगावे. एकट्याचा नकार ही त्याची खाजगी लाज ठरते. शंभर नकारांची यादी हा सार्वजनिक पुरावा ठरतो.

सवलत अवश्य मागावी. परंतु तिच्या आधी समान प्रवेश मागावा. दार उघडे नसेल, तर दारापर्यंतचा रस्ता सरकारने कितीही स्वस्त केला तरी आपण उभे राहणार ते उंबरठ्याच्या बाहेरच.

जय भीम!